मशीनमध्ये हात गेल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो.

पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या मशीनला, म्हणजे पॉवर प्रेसला, दोन बटणं असतात, एकमेकांपासून चांगली लांब. दोन्ही एकदम दाबली तरच पंच, म्हणजे पत्र्यावर आपटणारा वरचा भाग, खाली येतो. म्हणजे तो खाली येताना दोन्ही हात बटणांवरच असतात, डायपासून, म्हणजे पत्रा ठेवायच्या खालच्या साच्यापासून, दूर. आता यातलं एक बटण कुणीतरी चिकटपट्टी लावून कायमचं दाबून टाकतं, कारण तसं केलं की तासाला जास्त नग निघतात. मग एके दिवशी तिरका बसलेला पत्रा सारखा करायला एक हात आत जातो आणि सवयीने दुसरा हात उरलेलं बटण दाबतो.

अपघाताच्या नोंदवहीत काय लिहिलं जातं? ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. झालं, चौकशी संपली!

पट्टी कुणी लावली, ती रोज बघूनही मशीन कुणी चालू दिलं, त्या शिफ्टला किती नग मागितले होते, यातलं काहीच त्या ओळीत येत नाही. मला या ओळीचा फार राग येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६३ सालीच यंत्रांच्या संरक्षणाबद्दल ११९ क्रमांकाचा करार केला आहे. धोकादायक भागांना गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं आवरण, नसलेलं यंत्र विकूही नये आणि भाड्यानेही देऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. गार्ड जागेवर नसेल तर त्या यंत्रावर काम करायला कामगाराला सांगताही येत नाही. गार्ड काढू नये हे बंधन कामगारावर आहेच, पण जबाबदारी त्याच्यापाशी सुरू होत नाही.

बोट किंवा हात तुटला, तर आधी मशीन बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. तुटलेला भाग शोधा. तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. भाग थेट बर्फावर ठेवू नका, त्याने पेशी मरतात. वेळ मोलाची असते, आणि हात किंवा मनगट असेल तर बोटाहून जास्त घाई लागते, कारण रक्ताविना स्नायू लवकर खराब होतात. १९६३ मध्येच शांघायमध्ये मशीनने तुटलेला एका कामगाराचा हात डॉ. चेन झोंगवेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा जोडला होता. प्रत्येक वेळी जोडता येतोच असं नाही, पण तो निर्णय सर्जनला घेऊ द्या.

इकडे जखमी माणूस ऑपरेशन टेबलावर असतो, तेव्हा तिकडे मशीनवरची पट्टी निघालेली असते आणि गार्ड परत बसलेला असतो. म्हणून सोबत्यांनो, मशीनचे फोटो लगेच काढा. कोण हजर होतं त्यांची नावं लिहून ठेवा. डॉक्टरांच्या कागदावर ‘कामावर असताना मशीनमध्ये’ हे शब्द आलेत ना, ते बघा. ‘घरी लागलं असं सांगा, खर्च आम्ही करतो’ असं कुणी म्हणालं तर साफ नकार द्या. त्या एका वाक्याने पुढचा हक्क अडचणीत येतो. गुंगीत, दुखण्यात कशावरही सही करू नका.

भरपाई म्हणजे उपकार नाही. जर्मनीत १८८४ च्या अपघात विमा कायद्याने चूक कुणाची हे न पाहता जखमी कामगाराला पैसे मिळण्याची सोय केली, आणि पुढे अनेक देशांनी तीच वाट धरली. म्हणून ‘चूक माझीच होती’ असं मनाशी धरून दावा सोडून देऊ नका. दाव्याला मुदत असते, ती आधी विचारून घ्या.

टाके निघाल्यावर खरा लांबचा पल्ला सुरू होतो. जे बोट राहिलंच नाही, ते रात्री ठणकतं. घरच्यांना हे कसं सांगावं, असं वाटून पुष्कळजण गप्प राहतात. ही वेदना खरी असते. डॉक्टरांना सांगा, तिच्यावर औषधं आहेत, आरशासमोर करायचे व्यायामही आहेत. प्रेसचा आवाज ऐकून अंगाला घाम फुटत असेल, तर तेही त्याच डॉक्टरांना सांगा, आणि कामावर परत बोलावलं की त्याच मशीनवर उभं राहण्याआधी दुसरं काम मागा.