नदीकाठचं जेवण

नमस्कार श्रोतेहो.

मुंबई-पुण्याचे पाहुणे सांगलीत आले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हमखास विचारतात, "नदीकाठी बसून जेवता येईल असं चांगलं हॉटेल कुठं आहे हो?" आणि आपण सांगलीकर जरा घुटमळतो. एवढी कृष्णा गावाला लागून वाहते, घाट आहेत, गणपती मंदिर आहे, पण बरीचशी नावाजलेली हॉटेलं बघावीत तर विश्रामबागला नाहीतर मिरज रस्त्याला. पाणी एकीकडं आणि ताट एकीकडं. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. मला वाटत नाही.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली तर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "आयर्विनला किती?" हा असतो. १९२९ सालचा हा पूल आपली फूटपट्टीच आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं होतं. तसला पूर ओसरल्यावर काठावरच्या एखाद्या भटारखान्यात डोकावून बघा. गॅसच्या शेगडीची भोकं गाळानं लिंपलेली असतात, फ्रिज आडवा होऊन दाराशी अडकलेला असतो, पिठाच्या पोत्यांचा आंबूस वास नाकातून जात नाही आणि भिंतीवर पाण्याची तांबूस रेघ भावफलकाच्याही वर उमटलेली असते. हे ज्यानं एकदा धुऊन काढलं, तो पुन्हा नदीला खेटून शंभर माणसांचा हॉल बांधणार नाही.

कायदाही तेच सांगतो. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. त्यामुळं पाण्याला चिकटून काचेचा चकाचक हॉल दिसला, की मी जेवणाआधी त्या इमारतीकडंच संशयानं बघतो. काठावरचं हॉटेल एक तर चांगलं उंचावर असावं, नाहीतर टेंपोत भरून नेता येईल असं असावं: पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, चार टेबलं, दोन शेगड्या. दिसायला साधं, पण नदीचा स्वभाव ओळखून मांडलेलं.

आता ताटाकडं वळू. नदीकाठच्या हॉटेलात बसून लोक काय मागवतात? पनीर टिक्का, मंचुरियन. मासे खाणारे सुरमई मागवतात, जी घाट चढून कोकणातून आलेली असते. तोंड कृष्णेकडं आणि ताटात अरबी समुद्र! त्यापेक्षा सरळ विचारावं, "मालक, आज नदीचं काय आहे?" मरळ असेल तर नशीब, वांब असेल तर तिखट रश्श्यात फर्मास लागते, आणि काहीच नसेल तर चिलापी बहुधा असतेच. मात्र मासा कधीचा, कुठला, हेही विचारा. मळीचं पाणी सुटून मासे तरंगल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या आठवड्यात वांग्यावरच समाधान मानलेलं बरं.

वांग्यावर समाधान म्हणालो खरं, पण माझ्या मते पहिला मान वांग्याचाच. कृष्णाकाठच्या गाळाच्या रानातलं वांगं, साल पातळ, बी कोवळं, देठाला काटे. देठ ठेवूनच त्याला चार चिरा द्यायच्या, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. आत भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण चटणी आणि नखभर गूळ. फोडणीत हळद. हळदीवरून आठवलं, हरिपूरला जमिनीत खणलेली हळदीची पेवं होती, पोती न पोती हळद त्यात टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्यानं गिळली. म्हणजे नदीनं वांगं दिलं आणि हळद नेली, असा आमचा हिशेब आहे. असो. वांगं मंद आचेवर झाकून शिजवायचं, झाकणावर पाणी ठेवायचं. बाजूनं तेल सुटलं आणि देठ बोटानं दाबल्यावर मऊ लागला, की उतरवायचं. सोबत शाळूची भाकरी, तव्यावरून थेट ताटात आलेली, आणि घट्ट दही. हे करायला आचाऱ्याला वेळ लागतो, म्हणून दुपारीच फोन करून सांगून ठेवावं. आयत्या वेळी मागितलं तर लाल रंगाच्या ग्रेव्हीत बुडवलेलं वांगं येतं, आणि त्याची चव पनीरच्या भाजीसारखी लागते.

बसायचं कधी? हिवाळ्यात, दिवस मावळायच्या आधी अर्धा तास. अंधार पडला की डास जेवायला येतात, आणि ते तुमच्याआधी उरकतात. जेवण झालं म्हणून हात धुवायला घाटावर उतरायची हौस मात्र नको. भिलवडी-औदुंबर पट्ट्यातल्या मगरी आपल्याला ठाऊक आहेत, पाहुण्यांना नसतात. बेसिनलाच हात धुवा.

हॉटेलच पाहिजे असा हट्ट नसेल तर हरिपूरला चला. चिंचांच्या झाडांचा रस्ता, पुढं संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. दोन पाण्यांचे रंग पावसाळ्यात वेगळे दिसतात. डब्यात भाकरी, वांगं, खर्डा. डबा संपला तर पिशवीत भडंग. बिल नाही, वेटर नाही, फक्त खरकटं आपलं आपण परत आणायचं. ते मात्र आपल्याकडं होत नाही. संगमावर कागदी प्लेटा तरंगताना बघितल्या की भूकच मरते. ज्या हॉटेलचं सांडपाणी आणि उष्टं मागच्या बाजूनं नदीत जातं, तिथं पुढच्या बाजूला बसून नदीची शोभा बघणं मला जमत नाही. म्हणून नव्या ठिकाणी गेलो की हात धुवायच्या निमित्तानं मागं एक चक्कर मारतो. पाइप कुठं जातोय ते दिसतंच.

आणि गोडाचं म्हणाल, तर हॉटेलातला गुलाबजाम राहू द्या. वाट वाकडी करून पाहुण्यांना नृसिंहवाडीला न्या. तिथंही कृष्णाच आहे, पंचगंगेला घेऊन. दत्ताचं दर्शन घ्या आणि बासुंदी खाऊन या. निघताना कवठाची बर्फी बांधून घ्यायला विसरू नका, पुण्याला पोचेपर्यंत उरली तर.

नमस्कार.