रॅम्पखालून काउंटरवर

नमस्कार श्रोतेहो. ज्यांची सकाळ रॅम्पखाली सुरू होते आणि ज्यांच्या नखांतलं काळं ऑइल सुट्टीच्या दिवशीही पुरतं निघत नाही, अशा मेकॅनिक मंडळींशी आज मला बोलायचं आहे. या कामात बरीच वर्षं गेली की कंबर कुरकुरू लागते, मग गुडघे, मग मनगटं. त्याच सुमाराला वर्कशॉपमधलं कुणीतरी विचारतं, "सर्व्हिस ॲडव्हायझर होतोस का?" मी त्याच वाटेनं काउंटरवर आलो. हो म्हणण्याआधी हे काम नीट समजून घ्या, एवढ्यासाठी हे बोलणं.

ॲडव्हायझरचं काम असं: ग्राहकाचं ऐकायचं, त्याच्यासोबत गाडीभोवती फिरून ओरखडे, टायर, किलोमीटर टिपायचे, जॉब कार्ड (गाडीच्या तक्रारी आणि कामं लिहिलेला कागद) बनवायचं, एस्टिमेट द्यायचं, मधेच काही नवं निघालं तर परवानगी घ्यायची आणि गाडी देताना बिल समजावून सांगायचं. कॉम्प्युटरवरच्या नोंदी पंधरा दिवसांत हातात बसतात, त्यांची धास्ती नको. मेकॅनिकला जड जातं ते ऐकणं.

कारण आपल्याला उत्तर आधीच सुचलेलं असतं. ग्राहक म्हणतो, "ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं," आणि त्याचं बोलणं संपायच्या आत आपल्या डोक्यात ब्रेकची डिस्क येते. जॉब कार्डवर आपण लिहूनही टाकतो, 'डिस्क बदलणे'. असं करू नका. तिथे ग्राहकाचे शब्द येऊ द्या, त्यानं सांगितले तसे. आणि मग विचारा. थरथर कोणत्या वेगाला येते? ब्रेक मारल्यावरच येते, की सरळ चालतानाही? गाडी थंड असताना, की बराच वेळ चालल्यावर? हल्ली कुणी चाक काढलं होतं का? ब्रेक न मारताही ठराविक वेगाला थरथर येत असेल, तर आधी चाकांचं बॅलन्सिंग बघावं लागतं. फक्त ब्रेकलाच येत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी आहे का, ती हबवर, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागावर, सरळ बसली आहे का, हे मोजावं लागतं. ज्यानं कधी चाक खोललं नाही, त्याला हे प्रश्न सुचणं कठीण. तुमची सगळी विद्या आता या प्रश्नांत उतरायला हवी. उत्तर शोधायचं काम गाडी उघडणाऱ्यावर सोडा. तुम्ही निदान लिहून दिलंत तर तो तेवढंच बघेल, डिस्क बदलेल, आणि चार दिवसांनी तीच गाडी तीच थरथर घेऊन दारात उभी राहील.

गाडीतला बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरच्या कोडचंही तेच. पी०४२० दिसला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा पार्ट, बदला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कन्व्हर्टरचं काम अपेक्षेइतकं होताना दिसत नाही, एवढंच तो कोड सांगतो. एक्झॉस्टला कुठे गळती असेल, सेन्सर चुकीचं दाखवत असेल, इंजिनातल्या मिसफायरनं, म्हणजे इंधन नीट न पेटल्यानं, कन्व्हर्टर खराब केला असेल. तपासणी होण्याआधी इतक्या महागड्या पार्टचा खर्च ग्राहकाच्या कानावर घालणं मला अन्यायाचं वाटतं.

आता जास्तीच्या कामासाठी करायचा तो फोन. पुष्कळ ठिकाणी ॲडव्हायझरच्या कमाईचा काही भाग विक्रीवर ठरतो, त्यामुळे या फोनवर तुमची खरी कसोटी लागते. ब्रेक पॅड दोन मिलिमीटरवर आले असतील तर "आज बदला" असं ठाम सांगा. सहा मिलिमीटर शिल्लक असतील तर "पुढच्या सर्व्हिसला बघू" हेही तितक्याच ठामपणे सांगा. ब्रेक ऑइल बदलायचं असेल तर कारण द्या. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शिरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं की नळ्यांत वाफ होते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. ग्राहकाला फसवलं गेल्याची भीती असते, ती अशानं कमी होते. जुना पार्ट दाखवलात तर आणखी कमी होते.

वॉरंटीच्या कागदांवर तक्रार, कारण आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टींचा मेळ बसावा लागतो. 'पार्ट खराब, बदलला' एवढ्यावर क्लेम अडकू शकतो. गळती नेमकी कुठे होती, माप किती आलं, हे टेक्निशियनला त्याच वेळी विचारून घ्या.

कालपर्यंत शेजारच्या रॅम्पवर असलेला मित्र आज तुमचं जॉब कार्ड घेऊन काम करतो, हे नातं जपावं लागतं. त्याला न विचारता आणि पार्ट स्टॉकमध्ये आहे का ते न बघता ग्राहकाला डिलिव्हरीची वेळ देऊ नका. तो अडला तर मदत करा, पण त्याच्या हातातला पाना काढून घेऊ नका. तसं करायचा मोह रोज होईल. बंद पडलेलं इंजिन आपल्या हातानं सुरू होण्याचा आनंद या खुर्चीत मिळत नाही, आणि काहींना ते सोसत नाही. अशांनी रॅम्पवरच राहावं, त्यात काही कमीपणा नाही.

म्हणून होकार देण्याआधी काही दिवस काउंटरवर बसायला मागा. सकाळची गर्दी बघा, संध्याकाळी बिलावरून चढलेले आवाज ऐका. पगारात ठरलेला भाग किती आणि इन्सेंटिव्ह किती, हे लिहून घ्या. नाहीच जमलं तर परत रॅम्पवर जागा मिळेल का, हेही त्याच बैठकीत विचारा. आणि स्वतःची हत्यारं तोवर विकू नका. नमस्कार.