फॉरमॅट मारण्याआधी

मंडळी, आपण गिरगावकर. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड हाकेच्या अंतरावर. कॉम्प्युटर सुरू होईना झाला, मशीन अडलं की ते टॅक्सीत घालायचं आणि संध्याकाळी ‘फॉरमॅट मारलाय, आता मस्त चालेल’ हे ऐकून परत आणायचं, ही आपली सवय. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालणं. वर्षानुवर्षांचे हिशेब, नातवंडांचे फोटो, सोसायटीची कागदपत्रं त्यात जातात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण लोगो आला, खाली ठिपके फिरले आणि मध्येच थिजले, तर बऱ्याचदा फायली जागच्या जागी शाबूत असतात. अडलेला असतो एखादा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, साउंड कार्ड अशा भागांशी विंडोजचं बोलणं करून देणारा छोटा प्रोग्राम.

साधं सॉफ्टवेअर अडकलं तर तेवढंच बंद पडतं. ड्रायव्हर मात्र बहुतेक विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालतात. तिथे एकाचं बिनसलं की अख्खं मशीन बसतं. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला आलेली एक सदोष अपडेट फाइल त्याच्या ड्रायव्हरने वाचली आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स कोसळली. आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यावरचा उपाय होता सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू करून, ती एक फाइल काढून टाकणं. डेटाला धक्काही लागला नाही.

विंडोज ९५च्या काळात साउंड कार्ड आणि मोडेम एकाच आयआरक्यूवरून, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या ओळीवरून, भांडायचे. ते दिवस गेले. आज मला जास्त दिसतं ते दोन अँटिव्हायरसचं भांडण. नव्या लॅपटॉपबरोबर एक ट्रायल म्हणून आलेला असतो, दुसरा आपण विकत घेतो. दोघांचेही ड्रायव्हर प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात. हा त्याची वाट बघतो, तो ह्याची, आणि ठिपके थांबतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: मशीन शेवटचं नीट सुरू झालं, त्यानंतर त्यात नवं काय आलं? प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन, ग्राफिक्सचं अपडेट, काहीही असेल. यूएसबीला जोडलेलं सगळं काढा, कीबोर्ड-माऊस तेवढे ठेवा आणि पुन्हा सुरू करून बघा. एवढ्यानेही कित्येकदा वाट मोकळी होते.

नाही झाली तर सेफ मोड. लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग येणाऱ्या यादीत ४ दाबा. सेफ मोडमध्ये विंडोज गरजेपुरतेच ड्रायव्हर उचलतं. तिथे मशीन सुरळीत चाललं तर डिस्क आणि रॅमवरचा संशय बराच कमी होतो. सगळ्यात आधी महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, संशयित उपकरणावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा, म्हणजे ड्रायव्हरची आधीची आवृत्ती परत येते. ते बटण फिकं असेल तर अनइन्स्टॉल करा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर रीस्टार्ट. घाईत चार गोष्टी एकदम काढल्या तर दोषी कोण ते कधीच कळत नाही. अँटिव्हायरस सेफ मोडमधून नेहमीच्या रीतीने निघेलच असं नाही, कारण विंडोज इन्स्टॉलरची सेवा तिथे सहसा बंद असते. त्यासाठी त्या कंपनीचं स्वतंत्र रिमूव्हल टूल लागतं.

संशयित सापडतच नसेल तर स्टार्टअप सेटिंग्जच्या त्याच यादीत ४ ऐवजी २ दाबा. विंडोज फोल्डरमध्ये ‘एनटीबीटीलॉग’ नावाची टेक्स्ट फाइल तयार होते आणि कुठले ड्रायव्हर उचलले गेले ते त्यात ओळीने येतं. ‘नॉट लोडेड’च्या ओळी बघून घाबरू नका, त्या चांगल्या मशीनवरही असतात. सेफ मोडमधली यादी आणि नेहमीची यादी शेजारी ठेवून वाचा. जे नाव फक्त दुसरीत आहे, तिथून चौकशी सुरू करा. मशीन अगदीच लवकर थिजत असेल तर मात्र ही फाइल लिहिलीच जात नाही.

आणि हे आज घरी गेल्यावर, मशीन धड चालत असतानाच करा. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, आधीपासून चालू असतो. दुरुस्तीच्या पडद्यावरून पुढे जाताना तो ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतो. बहुधा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कागदावर उतरवा आणि घरातल्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवून द्या.