मेल्यावरची ओळख

(दृश्य : कोगनोळी टोलनाका, रात्र. ट्रकांची रांग.)

पुणे–बंगळूर महामार्ग इथं कर्नाटकात शिरतो. पुढं निपाणी, संकेश्वर, बेळगाव. या पट्ट्यात धंदा करणाऱ्या कितीतरी जणी लहानपणीच सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या. देवदासी प्रथेवर बंदी आणणारा कर्नाटकचा कायदा १९८२चा. बायका मात्र अजून आहेत.

नाव बदलून राहणारी बाई एखाद्या ट्रकमध्ये बसून गेली आणि परत आलीच नाही, तर तक्रार द्यायला कोण जाणार? उसात मृतदेह सापडला, तर पंचनाम्यात ‘अनोळखी स्त्री’.

(दृश्य : डीएनएच्या नमुन्यासाठी गालाच्या आतून फिरणारा कापूस.)

अमेरिकेत डॅलसच्या ट्रकतळांवर २००७पासून पोलीस आणि समाजसेवकांनी धंद्यातल्या बायकांना विचारायला सुरुवात केली : डीएनए देऊन ठेवतेस का? जिवाचं बरंवाईट झालं तर ओळख तरी पटेल. ऐकायला क्रूर वाटतं. पण बऱ्याच जणींनी दिला; खुनाची भीती त्यांना काही नवी नव्हती.

मर्जीनं दिला? धंदा करताना पकडलेल्या बाईला तुरुंगाऐवजी उपचार, ही सवलतही त्याच मोहिमेत मिळत होती. समोर वर्दी असताना म्हटलेल्या ‘हो’ला संमती म्हणणं मला जड जातं.

शिवाय नमुना दिल्या कामापुरता राहतोच असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत बलात्काराची तक्रार देताना एका स्त्रीनं दिलेला डीएनए पोलिसांनी ठेवून घेतला आणि पुढं मालमत्तेच्या गुन्ह्यात तिलाच अटक करायला वापरला. हे २०२२ साली उघड झालं. आपल्याकडं बेपत्ता आणि अनोळखी मृतांच्या वेगळ्या सूचीची तरतूद असलेलं डीएनए विधेयक २०१९ साली लोकसभेत आलं, २०२३मध्ये मागं घेतलं गेलं. अटकेतल्यांची मोजमापं, म्हणजे बोटांचे ठसे, जैविक नमुने वगैरे, ७५ वर्षं ठेवायला सांगणारा २०२२चा कायदा मात्र लागू आहे.

डीएनए एकटीचा नसतो. निम्मा लेकरात उतरतो. लेकरू सापडण्यासारखं असेल, तर त्याच्या नमुन्यावरूनही आईची ओळख पटते. तिचा आधीपासून साठवायचा कशाला? प्रश्न आहे तो मागं कुणीच नसलेल्या बाईचा.

तेव्हा उद्या निपाणीत कुणी कापूस घेऊन आलंच, तर नमुना पोलिसांच्या ताब्यात जाणार नाही, गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडला जाणार नाही, तिनं सांगितलं की नष्ट होईल, हे आधी लेखी हवं. कन्नडात आणि मराठीतही. आणि वाचता न येणाऱ्या बाईला तो कागद वाचून दाखवायला तिच्याच वस्तीतली कुणीतरी हवी, हवालदार नको.