मोडता मोडता वाचलेली चांदीची सुरई

ही सुरई जरा जवळून बघा. 27 इंच उंच, अंगभर नक्षीकाम, बाजूला वळणदार हँडल, आणि हिला बूडच नाहीये! वरून पाणी ओतलं तर सगळं खालून निघून जाणार. लंडनच्या गॅरार्ड या चांदीकाम करणाऱ्या पेढीने 1848 ला घडवलेली ही सुरई म्हणजेच आजचा अमेरिकाज कप, यॉटच्या म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा करंडक.

22 ऑगस्ट 1851. इंग्लंडमध्ये आयल ऑफ वाइट बेटाला वळसा घालायची शर्यत होती, बाकी सगळ्या यॉट इंग्रजांच्या आणि न्यूयॉर्कहून आलेली 'अमेरिका' ही स्कूनर (डोलकाठ्यांची शिडाची बोट) एकटीच, आणि जिंकली तीच. आता ही अक्षरं बघा, '100 गिनी कप' असं कोरलंय. बक्षीस खरं तर 100 पौंडांचं होतं, गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, पण चांदीवर एकदा कोरलं ते कोरलं.

मला मात्र शर्यतीपेक्षा पुढची घरातली गोष्ट जास्त आवडते. बोटीचे मालक सहा जण. त्यातले जॉन आणि एडविन स्टीव्हन्स सख्खे भाऊ, जेम्स हॅमिल्टन आणि जॉर्ज स्कायलर सासरे-जावई, आणि हे जेम्स म्हणजे अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे चिरंजीव. बोट त्यांनी थोड्याच दिवसांत तिकडेच विकून टाकली, सुरई तेवढी घरी आणली. मग एक विचार असाही निघाला की ही मोडूया, चांदीची मेडल्स पाडूया आणि घरोघर वाटून घेऊया. म्हणजे प्रत्येकाच्या कपाटात एकेक मेडल, आणि ही नक्षी, हे हँडल सगळं मुशीत!

नशीब, तसं झालं नाही. 1857 ला त्यांनी ती न्यूयॉर्क यॉट क्लबला देऊन टाकली, अट एवढीच की देशादेशांत मैत्रीच्या शर्यती व्हाव्यात आणि परदेशातल्या कुठल्याही यॉट क्लबने येऊन आव्हान द्यावं. पुढे सहापैकी एकटे स्कायलर उरले, तेव्हा सुरई पुन्हा त्यांच्या नावे करून त्यांच्याकडूनच नवं दानपत्र लिहून घेतलं, 1887 ला, सत्तरी उलटलेली असताना. क्लबने ती 1983 पर्यंत, तब्बल 126 वर्षं, हातची जाऊ दिली नाही.

1997 ला ती न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये असताना एका माणसाने हिच्यावर घण घातले, पार चेपून टाकली. मग ती विमानाने लंडनला गेली, गॅरार्डकडेच, आणि जिथे घडली तिथल्याच कारागिरांनी तिचे पोचे काढले.