जुनं ग्लायडर घेताना ग्लाइड रेशो शेवटी बघा

मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला, बजेट कमी आहे तर कुठलं जुनं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, घेऊ? प्रत्येकाच्या मोबाइलवर जाहिरात उघडी होती आणि त्यात पहिली नजर गेली होती ती ग्लाइड रेशोवर, म्हणजे ठराविक उंचीवरून ते किती लांब तरंगत जातं त्यावर. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

का-६ हे लाकडी ग्लायडर, १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून साधारण २९ किलोमीटर जातं. स्टँडर्ड सिरस १९६९ चं, फायबरचं, ते ३७-३८ जातं, आणि १९८० चं एलएस-४ चाळीसच्या आसपास. फरक मोठा आहे, नाही म्हणत नाही, पण पहिल्या दोन सीझनमध्ये तुम्ही किती लांब जाल हे त्यावर नाही ठरत, ते थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, किती नीट धरता आणि ग्लायडर किती शनिवार-रविवार उडायच्या स्थितीत असतं यावर ठरतं. माझी पहिली सोलो, म्हणजे एकट्याचं उड्डाण, पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला झाली, विंचवरून (जमिनीवरचं यंत्र दोराने ओढून वर चढवतं), तिथे ग्लायडर सेंटरचं, आपण फक्त उडवायचं. मालक होणं म्हणजे काय ते इथे जर्मनीत आल्यावर कळलं.

फायबरचं बघायला गेलात तर निम्मा वेळ जेलकोटला द्या. पंखावरचा तो पांढरा थर ऊन, ओल आणि वरच्या थंडीने तडकतो, केसासारख्या बारीक भेगा पडतात. नुकतं पॉलिश केलेलं असेल तर दुपारच्या उन्हात सगळं चकचकीत दिसतं, मी एका सिरसच्या बाबतीत असाच भुललो होतो, बयाणा द्यायच्या बेतात होतो, पण क्लबमधल्या एका वयस्कर माणसाने पंख हँगरच्या अंधारात आणायला लावला आणि टॉर्च अगदी तिरपा धरला, तर मुळापासून टोकापर्यंत भेगाच भेगा! जुना थर घासून नवा द्यायचा म्हणजे काही शे तासांचं काम, आणि वर्कशॉपला दिलंत तर सत्तरच्या दशकातल्या ग्लायडरच्या किमतीपेक्षा बिल जास्त येऊ शकतं. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेलं दुप्पट महाग.

लाकडीमध्ये हीच भीती गोंदाची. आत वास घेऊन बघा, कुबट वाटला तर ओल शिरलीय, मग पुढे बोलूच नका. पण कोरड्या हँगरमध्ये वाढलेलं का-६ आणि क्लबात लाकूडकाम जाणणारं कुणी, असा योग असेल तर मी ते डोळे झाकून, नाही, डोळे उघडे ठेवूनच, पण नक्की घेईन.

कागदपत्रं मात्र कंटाळा न करता वाचा. दुरुस्त्या कुठे झाल्या, किती तास उड्डाण झालंय, कारण बऱ्याच फायबर ग्लायडरना ३००० तासांना मोठी तपासणी लागते. २०१० च्या जूनमध्ये ऑस्ट्रियात एका एल-१३ ब्लानिक ग्लायडरचा पंख हवेत तुटला, स्पारला (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईला) फटीग क्रॅक, म्हणजे वारंवार ताण पडून आलेली भेग, होती, आणि त्यानंतर जगभरातली एल-१३ जमिनीवर बसली. त्यामुळे एखादा प्रकार फारच स्वस्त दिसला तर आधी त्याची एअरवर्दिनेसची, म्हणजे उडायला सुरक्षित असण्याबाबतची, बंधनं शोधा, किंमत मग विचारा.

रेडिओ नव्या ८.३३ (किलोहर्ट्झ अंतराच्या) चॅनलचा आहे का, टोस्ट कंपनीचं हुक, ज्याला वर ओढणारा दोर अडकवतात, ते ओव्हरहॉल कधी झालं (२००० लाँचला करावं लागतं), आणि बेल्ट कितपत जुने, हे सगळे खर्च आधीच धरा.

आता ट्रेलर, आणि हे लोक हमखास विसरतात. शेतात उतरलात तर पंख सोडवून ग्लायडर घरी आणणारा तोच. गळका ट्रेलर चांगल्या ग्लायडरची दोन हिवाळ्यांत वाट लावतो, त्यामुळे ट्रेलर चांगला असेल तर मी ग्लायडरचे दोन पैसे जास्त मोजतो.

पैसे देण्याआधी ग्लायडर तिथेच जोडायला सांगा, आणि मालक बाजूला उभा, जोडणारे तुम्ही. जुन्या ग्लायडरमध्ये एलेरॉन (पंखावरची कलवणारी फळी), एअरब्रेक, एलेव्हेटर (शेपटीवरची नाक वर-खाली करणारी फळी) हाताने जोडावे लागतात आणि एक जोड राहिला म्हणून माणसं गेलीत, तर प्रत्येक जोड हाताने ओढून बघा, मग कॉकपिटमध्ये बसा, एकाने एलेरॉन घट्ट धरायचं आणि तुम्ही स्टिक हलवायची. पाऊण तासात, घाई न करता, दोघांना जमलं तर ते ग्लायडर तुमच्या घरचं.