मायकेलँजेलो: खरा किती, त्यानेच सांगितलेला किती

तर मंडळी, मायकेलँजेलो या इटालियन शिल्पकार-चित्रकाराबद्दल कुणालाही विचारा, पहिली गोष्ट हीच सांगणार की बिचाऱ्याने चार वर्षं पाठीवर उताणं झोपून व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपल या प्रार्थनागृहाचं छत रंगवलं. झोपून वगैरे काही नाही हो, उभं राहूनच रंगवलं, परांची त्याने स्वतःच डिझाईन केली होती, आणि साक्षही त्याचीच आहे. जोव्हान्नी दा पिस्तोइया म्हणून एक मित्र होता, त्याला पाठवलेल्या कवितेत म्हणतो की या कामापायी मला गलगंड झाला, दाढी आभाळाला लागली, ब्रशमधून गळणाऱ्या रंगाने तोंडाची फरशी झाली. शेजारी स्वतःचं छोटं चित्रही काढलंय, उभा माणूस, मान मागे, हात वर. शेवटी वर म्हणतो की मी चित्रकार नाहीच!

आता दुसरी गोष्ट, की सगळं एकट्याने केलं. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगकाम, रोज ताजा गिलावा लावायचा, तो वाळायच्या आत रंगवायचं, रंग कुटायचे, वर चढवायचे, हे एकट्याने होतं का? फ्लॉरेन्सहून त्याने माणसं बोलावली होती, त्यात लहानपणापासूनचा मित्र ग्रानाच्ची होता. त्याचा चरित्रकार वासारी म्हणतो, काम पसंत पडेना म्हणून त्यांना हाकलून दिलं. असेल, पण हाताखाली कुणीतरी होतंच ना.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. 1550 साली वासारीने त्याचं चरित्र छापलं, ते काही याला रुचलं नाही. मग 1553 मध्ये कोंदीवी या शिष्याच्या हातून दुसरं चरित्र आलं, जवळजवळ सगळं गुरुजींच्या तोंडचं. त्यात काय, तर आम्ही कानोस्साच्या सरदार घराण्यातले (साफ खोटं, पण त्याला स्वतःला ते खरं वाटायचं), आणि चित्रकार घिरलांदायोकडे मी काहीच शिकलो नाही. आता वासारी गप्प बसतोय होय! 1568 च्या आवृत्तीत त्याने थेट करारच छापला, 1 एप्रिल 1488, पोरगा तेरा वर्षांचा, तीन वर्षांसाठी घिरलांदायोकडे, मिळून 24 फ्लोरिन पगार. तोवर मायकेलँजेलो जाऊन चार वर्षं झाली होती, उत्तर देणार कोण?

पैशाचंही तेच. आयुष्यभर तंगीचं रडगाणं, अंगावर जुने कपडे, आणि बूट इतके दिवस पायात की काढताना कातडं सुद्धा निघायचं असं लिहून ठेवलंय. इकडे फ्लॉरेन्सभोवती शेतं-घरं विकत घेणं चालूच, आणि 1564 मध्ये रोममध्ये वारला तेव्हा घरातल्या पेटीत हजारो सोन्याची नाणी सापडली. कंजूष म्हणा हवं तर, पण बाप, भाऊ, पुतण्या सगळ्यांना पोसलं यानेच, हेही सांगायला पाहिजे.

मरायच्या आधी त्याने ढीगभर रेखाटनं जाळली, आपली मेहनत कुणाला दिसू नये म्हणून, असं वासारी म्हणतो. पण 1518 मधली बाजारहाटाची एक यादी मात्र राहून गेली, एका पत्राच्या मागे लिहिलेली, आणि शब्दांशेजारी ब्रेड, हेरिंग मासे, वाईनचे जग यांची चित्रं, नोकराला वाचता येत नव्हतं म्हणून असावीत असं म्हणतात. फ्लॉरेन्सला कासा बुओनार्रोती म्युझियमच्या संग्रहात आहे ती.